दोन सदस्यांची युनियन

आमच्या शेजारच्या सोनकुसरे काकांना कधी काही द्यायला जाऊ नका. म्हणजे जा, पण तयारीनं जा.

मी पहिल्यांदा गेले ती बिनतयारीची गेले. जबलपूरच्या महाराजपूर भागातल्या या कॉलनीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. शेजारच्या फाटकावर मराठी आडनाव दिसलं अन् मला कोण आनंद झाला! इथं दिवसभर हिंदी बोलून बोलून तोंड वाकडं होतं, शेजारी दोन शब्द मराठीत बोलायला मिळाले तर अजून काय पाहिजे? मी लगेच पाटवड्या केल्या, झणझणीत रस्सा केला अन् डबा घेऊन फाटकापाशी उभी राहिले. काका बाहेर आले. उंच, वाळलेले, खिशाला पेन, अन् एक भुवई कायमची वर. त्यांनी डबा घेतला, झाकण जरासं उचलून वास घेतला, अन् मला विचारलं,

"बदल्यात काय?"

"काही नाही काका. शेजारी आलो, म्हटलं ओळख करून घ्यावी."

"काही नाही म्हणणाऱ्याचंच भेव असते," ते म्हणाले. "मागणारा माणूस बरा. त्याचं जे काय ते समोर असते. बोला, काय पाह्यजे?"

मी शाळेत आठवीच्या पोरांना हिंदी शिकवते. त्या पोरांसमोर वर्षानुवर्षं उभी राहिलेली बाई मी, कोणाचं ऐकून घेणारी नाही. पण तिथं मी मुकाट्यानं मागायला काहीतरी शोधू लागले. इकडे तिकडे पाहिलं तर अंगणात कढीपत्त्याचं झाड होतं. म्हटलं, "कढीपत्ता द्या थोडा."

काकांची भुवई खाली आली. "आता कसं! आता हे बरोबर झालं." त्यांनी झाडाची आख्खी फांदी मोडून माझ्या हातात दिली.

तेव्हापासून आमच्या घरात कढीपत्त्याचा सुकाळ आहे. मी शंकरपाळे पाठवले की फांदी येते, लोणचं पाठवलं की फांदी येते. संध्याकाळी माझे मिस्टर घरात पाऊल ठेवतात अन् वास घेऊन विचारतात, "आज काय पाठवलं होतंस?"

कॉलनीत सगळे त्यांना 'महामंत्रीजी' म्हणतात. कोण्या मंत्र्याशी त्यांचा काही संबंध नाही. रिछाईकडच्या एका पंख्यांच्या कारखान्यात ते होते, मोटारीची तार गुंडाळायच्या खात्यात, अन् तिथल्या युनियनचे महामंत्री, म्हणजे आपल्या मराठीत सरचिटणीस, होते. कारखान्यातून निवृत्त होऊन जमाना झाला. युनियन तर त्यांच्याआधीच संपली. पण पद राहिलं अन् भुवई राहिली.

कॉलनीत एकदा डोळे तपासायचं मोफत शिबिर आलं. काका रांगेत सगळ्यात पुढे होते. आम्हाला वाटलं, चला, माणूस सुधारला. तर ते डोळे दाखवायला नव्हतेच उभे. डॉक्टर बिचारा तरुण पोरगा, त्याच्यासमोर बसून काकांनी त्याचीच तपासणी केली. तुम्हाला पाठवलं कोणी, चष्मे विकता का, निवडणूक जवळ आली का. पोरगा शेवटी हात जोडून म्हणाला, "अंकलजी, आप मत दिखाइए आँखें." काका खूश होऊन परत आले. देवीच्या भंडाऱ्यातही ते फुकट जेवत नाहीत. सकाळपासून बसून कोहळे चिरतात, मग पंगतीत ताठ मानेनं बसून पुऱ्या खातात.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे. तो काका एका दमात बोलत नाहीत. आधी आजूबाजूला पाहतात, मग आवाज उतरवून तुकड्या-तुकड्यानं सांगतात. डी... युनियना... यझेशन.

मी पडले मास्तरीण. पहिल्यांदा ऐकला तेव्हा सवयीनं म्हटलं, "काका, अर्थ सांगा अन् वाक्यात उपयोग करा."

ते एवढे खूश झाले की काय सांगू! इतक्या वर्षांत त्यांना कोणी अर्थ विचारलाच नव्हता. कुमुदकाकूंना, म्हणजे त्यांच्या मिसेसना, त्यांनी आतून दोन कप चहा आणायला सांगितला अन् सुरू झाले.

"तोडणं वेगळं असते, मास्तरीणबाई. तोडतात तेव्हा आवाज होते. लाठी चालते, गेटले कुलूप लागते, पेपरात येते. अन् तुटलेली युनियन पुन्हा जोडता येते. हे तोडणं नाही. हे काढून घेणं आहे. अन् असं काढून घेणं, का युनियनवाल्यालेच वाटलं पाह्यजे, आपणच सोडली."

"ते कसं?"

"पहिले समोसा आला. दर शनिवारी, गरम, संगे जिलेबी. आम्ही कधी मागितला होता? नाही. मग भिंतीवर भला मोठा फलक लागला, 'हम सब एक परिवार हैं.' आता बाप्पा, परिवारात कोणी युनियन करते का? मग क्रिकेटचे सामने झाले, वर्कर विरुद्ध साहेब, अन् साहेब लोक मुद्दाम हरून राहिले! मग आमच्या अध्यक्षाले सुपरवायझर केलं. फिरती खुर्ची दिली, चाकाची. माणूस चांगला होता हो. पण त्या खुर्चीत बसला अन् पुन्हा द्वारसभेले आला नाही."

द्वारसभा म्हणजे शिफ्ट सुटताना कारखान्याच्या फाटकाबाहेर होणारी युनियनची सभा. नेता उभा राहून बोलतो, कामगार उभ्या-उभ्या ऐकतात अन् घरी जातात.

"मग बाहेरून एक नवा साहेब आला. सगळ्यायले हॉलमधी बसवलं अन् पडद्यावर हा शब्द दाखवला. मी हात वर केला. सर, इसका मतलब? ते हसले. बोलले, 'सोनकुसरेजी, इसका मतलब ये है कि अब आपको मेरे पास आने के लिए किसी बीच वाले की ज़रूरत नहीं.' अन् सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या! समजलं? ज्यायची युनियन जाऊन राहिली होती, तेच टाळ्या वाजवून राहिले होते." काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "एक काच फुटली नाही, मास्तरीणबाई. एक काच नाही."

हा झाला अर्थ. वाक्यात उपयोग तर ते रोजच करतात. समोरच्या तिवारी भाभींनी कॉलनीच्या भजनमंडळाला एक माइक भेट दिला. कोणी धरायचा यावरून महिन्याभरात मंडळाचे दोन भाग झाले, अन् एक भाग मंगळवारी तर दुसरा शनिवारी गाऊ लागला. काका फाटकाला रेलून मला म्हणाले, "पाह्यलं? डीयुनियनायझेशन. माइक कोणी मागितला होता?" मला हसू आलं. पण खरं सांगते, माइक कोणीच मागितला नव्हता.

ही लागण वाईट असते. मागच्या आठवड्यात आमचे मिस्टर न सांगता गजरा घेऊन आले अन् माझ्या तोंडून निघून गेलं, "बदल्यात काय?" बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या बहिणीचा सहकुटुंब मुक्काम आमच्याकडे आहे असं कळलं, मग मी काय समजायचं?

काकांच्या घरात मात्र संशयाला जागा नव्हती, कारण तिथं युनियन शाबूत होती. काका सांगायचे, "सदस्यसंख्या दोन. मी अन् कुमुद."

"अन् मतभेद झाला तर?"

"तर मतदान होते."

"अन् मग मी सांगते तसं होते," काकू आतून म्हणायच्या.

रोज पाच वाजता, कारखान्याची शिफ्ट सुटायच्या वेळेला, घराच्या फाटकावर द्वारसभा व्हायची. मी शाळेतून परतायची तीच वेळ, त्यामुळे मी कितीदा पाहिली. काका बाहेर नालीवरच्या फरशीवर चढून उभे. फाटकाच्या आत काकू, हातात मेथीची जुडी नाहीतर तांदळाचं ताट. काका घसा साफ करायचे अन् सुरू करायचे, "साथियो!"

एका बाईला उद्देशून, साथियो! मग भाषण हिंदीत. गॅसचं सिलिंडर उशिरा येऊन राहिलं यावर, नालीतल्या डासांवर, मिलिंदचा फोन रविवारचा सोमवारवर गेला यावर. मिलिंद त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात असतो. काकू मेथी निवडता निवडता मान हलवायच्या. मधेच "हाव, हे बरोबर आहे" म्हणायच्या. शेवटी काका हात वर करून "हमारी एकता!" म्हणायचे अन् काकू हळूच, लोकांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणायच्या, "ज़िंदाबाद." मग दोघंही चहा प्यायला आत.

काकूंचे गुडघे दुखायचे. एकदा माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "अहो, एक खुर्ची तरी ठेवा न इथं."

"द्वारसभेत कोणी बसत नसते," काका म्हणाले. "खुर्ची मॅनेजमेंटची असते."

आता गंमत पाहा. यांचा मिलिंद पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये आहे. म्हणजे बापानं उभा जन्म ज्यांच्याशी वाद घातला, पोरगा नेमका त्यांच्यात जाऊन बसला. काका कधी तक्रार करत नाहीत. कोणी विचारलं तर म्हणतात, "तो तिथं माणसं सांभाळून राहिला." हे ते अशा आवाजात म्हणतात की पुढे काही विचारायची हिंमत होत नाही.

पोरगा वाईट नाही हो. उलट फार मायेचा. एकदा त्यानं काकांसाठी खुर्ची पाठवली. मागे रेलणारी, मानेला उशी, पायाला टेकण, चांगल्यातली. काकांनी खोकं व्हरांड्यात ठेवलं अन् त्याची पट्टीसुद्धा कापली नाही. काकू त्या खोक्यावर मुगवड्या वाळत घालायच्या.

"काका, उघडा न ती. किती प्रेमानं पाठवली त्यानं."

"तेच तर," काका म्हणाले. "खुर्ची आली. आता काय जाते ते पाहा."

अन् गेल्या काकू.

म्हणजे कारण चांगलंच होतं. सुनेला दिवस गेलेले, तिला आई नाही, मिलिंदनं आईला बोलावलं. काका म्हणाले, "मागणी रास्त आहे." डिंकाच्या लाडवांसाठी डिंक त्यांनी स्वतः आणला, काकूंची बॅग स्वतः भरली. फक्त जायच्या आदल्या दिवशी मला फाटकावर बोलावून हळूच म्हणाले, "तिकीट एकच आलं, मास्तरीणबाई. पाहा न. एकच."

"तुम्हाला तिथं करमत नाही, म्हणून नसेल काढलं."

"मले विचारलं नाही ते," काका म्हणाले.

आमच्या गाडीतून आम्ही त्यांना स्टेशनवर नेलं. प्लॅटफॉर्मवर काकांनी पिशवीतून झेंडूचा हा एवढा मोठा हार काढला अन् सगळ्यांसमोर काकूंच्या गळ्यात घातला. युनियनचा प्रतिनिधी बाहेरगावी चालला की स्टेशनवर हार घालायचा, अशी त्यांची रीत होती म्हणे. काकू लाजून चूर. "अहो, लोक पाहून राहिले!" पण काढला नाही. गाडी हलली तेव्हा दारात उभ्या राहून त्यांनी तो उतरवला अन् काकांच्या हातात दिला. "घरी न्या हा. इथं कुठं टाकू?"

परतताना काका मागच्या सीटवर हार मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "आता पहिले तिले नवा फोन भेटन. मग तिथं मैत्रिणी भेटतीन. मग मुदत वाढन. मग म्हणतीन, आई इथंच बरी आहे."

मी म्हटलं, काहीतरीच काय काका! पण फोन आला, खरंच आला. मग काकूंचा फोटो आला, पंजाबी ड्रेस, पायात बूट, तिथल्या बायकांच्या मंडळासोबत बागेत फिरून राहिल्या. काकांनी तो मला दाखवला. "गणवेश बदलला." नात झाली, गोड बातमी आली, काकांनी कॉलनीभर पेढे वाटले अन् प्रत्येकाला "बदल्यात काही नाही, आनंद आहे" असं बजावून सांगितलं. अन् मग परतीचं तिकीट रद्द झालं. बाळ लहान आहे, सुनेची सुट्टी संपत आली, अजून थोडे दिवस.

"मुदतवाढ," काका म्हणाले.

आता मलाच संशय यायला लागला. म्हटलं, "काका, तुम्ही सरळ सांगा न काकूंना, परत ये म्हणून."

"नाही जमत. सदस्यावर दबाव टाकणं मॅनेजमेंटचं काम आहे. तिले तिथं राहावं वाटलं, तर तिचा हक्क आहे तो."

काकूंचा फोन आला की ते ठणठणीत आवाजात सांगायचे, "इकडे सगळं ठीक आहे. तू आरामशीर राह्य." फोन ठेवायचे अन् त्याच्याकडे बघत बसायचे. पाच वाजता नालीच्या फरशीवर मात्र उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत. 'साथियो'सुद्धा नाही. सभेला लागतो तेवढा वेळ उभे राहायचे अन् आत जायचे. मला फार वाईट वाटायचं. मी भाजी पाठवायची, अन् कढीपत्त्याची फांदी यायची.

त्यातच माझी परीक्षेची ड्यूटी कुंडमला लागली. तिथं काही दिवस राहून मी परत आले तर कॉलनीच्या तोंडाशीच रिक्षा थांबवावी लागली. रस्त्यावर सतरंजी अंथरलेली. पुरुष हात बांधून उभे. बायका डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. तिवारी भाभी हातात मोठा स्टीलचा डबा घेऊन माझ्याकडे धावत आल्या अन् माझ्या गळ्यात पडून रडायलाच लागल्या.

"दीदी, इत्ती भली थीं बिचारी! भैयाजी ने किसी को बताया तक नहीं!"

"कौन? क्या हुआ?"

"कुमुद भाभी! काली पट्टी बाँधे घूम रहे हैं, दाढ़ी बढ़ी है, और फोटो पे हार चढ़ा है, हमने ख़ुद देखा."

कुमुदकाकू! अहो, चार दिवसांपूर्वी तर त्यांनी मला बाळाचा फोटो पाठवला होता. मी गर्दीतून वाट काढत फाटकाशी पोचले. काका बाहीला काळी फीत लावून फाटक आतून धरून उभे होते अन् समोर कॉलनीतले मोठे लोक. त्यांचं बोलणं चाललं होतं ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

"महामंत्रीजी, हिम्मत रखिए."

"हिम्मत मेरी पूरी है!"

"कब हुआ ये?"

"सोमवार से चालू है."

"अब आगे का क्या सोचा है?"

"जब तक ज़रूरत है, चालू रहेगा. और ये खिचड़ी वापस ले जाइए. किसने भेजा है आप लोगों को?"

मला पाहून त्यांना धीर आला. "पाहा न मास्तरीणबाई! हे उपोषण नाही, काही नाही. नुसता निषेध आहे, काळी फीत. कारखान्यात आम्ही लावतच होतो. अन् पूर्ण कॉलनी खिचडी घेऊन आली! हा मिलिंदचा डाव आहे. त्यानंच फोन केला असन सगळ्यायले, जा अन् म्हाताऱ्याले जेवू घाला."

"काका," मी म्हटलं. "काकू कुठं आहेत?"

"पुण्याले. कुठं असन?"

मी फोन काढला अन् तिथंच सगळ्यांसमोर काकूंना व्हिडिओ कॉल लावला. काकू आल्या पडद्यावर, खांद्यावर नात, नाकावर चष्मा. "अगं माय! एवढे लोक काहून जमले? हे बरे आहेत न?"

तिवारी भाभींनी किंकाळी मारली. मग फोन माझ्या हातून हिसकून घेतला. "हाय दैया, आप तो ज़िंदा हो!"

त्यानंतर जे हसणं झालं ते कॉलनीत पुन्हा होणार नाही. सतरंजी अंथरलेलीच होती, खिचडी तयार होती, कोणीतरी घरून पापड आणले अन् सगळ्यांनी तिथंच पंगत मांडली. मंगळवारचं अन् शनिवारचं, दोन्ही भजनमंडळं एका सतरंजीवर बसली. काका तेवढे फाटकातच उभे होते. फोन फिरत फिरत त्यांच्याकडे आला.

"अहो, फोटोला हार काहून घातला माझ्या?" काकूंनी विचारलं.

काकांनी वळून घराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझाच आहे तो, स्टेशनवरचा. वाळला तरी फेकवत नव्हता. खिळा तेवढाच होता."

काकूंनी फोन ठेवला. ठेवला म्हणजे कापलाच.

संध्याकाळी लोक गेल्यावर मी काकांना विचारलं, "निषेध ठीक आहे. पण मागणी काय होती तुमची?"

"मागणी कोणाजवळ करू?" ते म्हणाले. "इथं मॅनेजमेंट कोण आहे? मिलिंद? माझंच पोरगं आहे. ते एवढंसं बाळ? का कुमुद? कोणाच्याच विरुद्ध नाही न करता येत. म्हणून नुसती फीत लावली." त्यांनी बाहीकडे पाहिलं. "तिले सांगायचं नव्हतं हे."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा मला फोन आला. आवाज बसलेला होता. त्यांनी मला जे सांगितलं ते काकांनी इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं.

"त्यांची युनियन संपली न, त्यानंतर त्यांनी एक शेवटची द्वारसभा ठेवली होती. मला घरी करमेना, म्हणून मी गेले. शिफ्ट सुटली, सगळे त्यांच्या समोरून निघून गेले. कोणी मान वर करून पाहिलं नाही. हे तिथं उभे. मग मी रस्ता ओलांडून गेले अन् त्यांच्या पुढ्यात उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं अन् पूर्ण भाषण केलं, सुनंदा. साथियो म्हणून. तेव्हापासून रोज करून राहिले."

मी हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या.

"इथं पाच वाजले की मी गॅलरीत जाऊन उभी राहते," काकू म्हणाल्या. "सून विचारते, आई, काय पाहून राहिल्या? काय सांगू तिला? अन् मिलिंद परवा म्हणाला, आई, तू आता इथंच राहा, बाबांना हळूहळू सवय होईल. प्रेमानंच म्हणाला गं."

म्हणजे काकांचा संशय खोटा नव्हता. ते मला तेव्हा कळलं. कोणी वाईट नव्हतं. सगळं मायेनंच चाललं होतं. एक काच फुटली नव्हती.

काकूंनी येणार म्हणून कोणालाच कळवलं नाही. मी शाळेतून येत होते, काका फरशीवर गप्प उभे होते, अन् रिक्षा येऊन थांबली. काकू उतरल्या. काकांची भुवई वर गेली.

"परत पाठवलं का त्यायनं?"

"कोणी पाठवलं नाही. मी आले."

"बाळ?"

"बाळाला सांभाळायला बाई ठेवली. मिलिंद चिडला थोडा. होईल शांत. दिवाळीला तिघंही येऊन राहिले इकडे."

काकांनी बॅगेकडे पाहिलं, रिक्षात अजून कोणी आहे का ते पाहिलं. मग त्यांनी विचारलं, पण फार हळू, "बदल्यात काय?"

"बदल्यात खुर्ची द्या," काकू म्हणाल्या. "पाय दुखून राहिले माझे."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दामच शाळेतून लवकर निघाले. व्हरांड्यात खोकं फाडलेलं पडलं होतं, मुगवड्यांसकट. फाटकाच्या आत मिलिंदची खुर्ची होती, मानेला उशी, पायाला टेकण. तीत काकू रेलून बसल्या होत्या, मांडीवर मेथीची जुडी. काका बाहेर नालीच्या फरशीवर चढले. बाहीला फीत नव्हती. दाढी केली होती. त्यांनी घसा साफ केला अन् म्हणाले, "साथियो!"

पुढचं त्यांना येईचना. ते नुसते काकूंकडे पाहत उभे राहिले.

काकू खुर्चीत थोड्या पुढे सरकल्या.

"बोला न," त्या म्हणाल्या. "सगळे आलेत."